नुसती समोरून ये

आईला शिकवण्याइतका डोक्याला ताप दुसऱ्या कशात नसेल, असं मास्तरणीचं ठाम मत झालं होतं, आणि ते काही उगाच झालेलं नव्हतं.

मास्तरीण हे तिचं नाव नव्हे. गाडी चालवायला शिकवण्याचा तिचा क्लास होता. दोन गाड्या, एका खोलीचं ऑफिस, भिंतीवर चौकटीत लावलेलं प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र, आणि त्याखाली एक पाटी: आमच्याकडे कोणी नापास होत नाही. ही पाटी अगदी खरी होती आणि मास्तरणीला तिचा फार अभिमान होता. घरी आई तिला ‘मास्तरीणबाई’ म्हणायची ती मात्र कौतुकाने नव्हे. आईच्या तोंडी तो शब्द आला की समजावं, आता काहीतरी टोचून बोलणार.

आता आईचं सांगायचं तर, तिची आणि शाळेची ताटातूट फार लवकर झाली. शाळेने तिला सोडलं की तिने शाळेला, याबद्दल घरात दोन मतं होती. त्यानंतर ती जे काही शिकली ते आपलं आपण. शिवणकाम शिकली ती बाबांचा एक जुना शर्ट उसवून आणि पुन्हा जोडून. असा सुरेख जोडला की शेजारपाजारचे लोक शिवायला कपडे आणू लागले. फक्त त्या शर्टाला नेमका खिसा नव्हता, त्यामुळे आईने शिवलेल्या कुठल्याच शर्टाला कधी खिसा आला नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, “खिसा असला की माणूस त्यात नाही नाही ते कोंबतो.” विजेचं कामही ती अशीच शिकली. घरातले सगळे दिवे तिने जोडलेले. स्वयंपाकघरातला दिवा न्हाणीघराच्या बटणावर लागतो. पण लागतो ना, मग झालं.

अशी ही बाई साठी उलटल्यावर गाडी शिकली. तीही कोणाला न विचारता, घरामागच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात. बाबा दुपारी जरा आडवे झाले की ही चावी घ्यायची आणि आवारातल्या मोठ्या शेडभोवती गाडी फिरवत बसायची. वर्षभर हा उद्योग चालला आणि पोटच्या पोरीला, जिचा गाडी शिकवायचा क्लास आहे त्या पोरीला, पत्ता नाही. कळलं तेव्हा मास्तरणीच्या अंगाचा तिळपापड झाला.

“मला सांगितलं असतंस तर महिन्याभरात शिकवलं असतं.”

“म्हणूनच नाही सांगितलं,” आई म्हणाली. “तू शिकवतेस. मला शिकायचं होतं.”

घ्या.

एरवी मास्तरणीने हात जोडून विषय सोडून दिला असता. पण आता सोडून चालणार नव्हतं. बाबांची नजर गेल्या वर्षापासून उतरत चालली होती. डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं, लायसन्सही पुन्हा मिळालं नव्हतं. घर शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे, चढावर. दवाखाना, बाजार, बाबांच्या डोळ्यांची इंजेक्शनं, सगळ्याला गाडी लागायची. दादाने, म्हणजे मास्तरणीच्या थोरल्या भावाने, दूरच्या शहरातून फोनवर निकाल देऊन टाकला होता: “आईला लायसन्स मिळालं तर ठीक. नाहीतर महिनाअखेरीस मी येतो, घराला कुलूप लावू आणि दोघांना इकडे आणू.” दादाचं चुकत होतं असंही नाही. पण त्याच्याकडे गेल्यावर बाबांना पलंगावरून उठून खिडकीपर्यंत जाण्याचीही भीती वाटली असती. या घरात त्यांना प्रत्येक उंबरा पायाने माहीत होता. आणि मास्तरणीचं म्हणाल तर, आईबाबा गेले की रविवारी भांडायला तिला कोण होतं? ती एकटी, क्लासच्या वरच्या दोन खोल्यांत राहणारी. आईशिवाय आपलं कसं होणार या विचाराने तिला रडू यायचं, आणि आई समोर आली की डोकं फिरायचं. दोन्ही एकाच दिवशी.

तर आईने कच्चं लायसन्स काढलं आणि मास्तरीण तिला क्लासच्या गाडीतून रस्त्यावर घेऊन निघाली.

पहिल्या दिवशी मास्तरणीने तोंडात बोट घातलं. क्लच असा सुटायचा की गाडीला हिसका म्हणून नाही. चढावर गाडी तसूभर मागे यायची नाही. आरशात बघणं, इंजिनाच्या आवाजावरून गिअर बदलणं, सगळं हातात मुरलेलं. क्लासच्या मुलांना जे महिनोन्महिने येत नाही ते हिला आपोआप येत होतं. मास्तरणीला कौतुक वाटलं, पण ते तिने बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर आईने ते वर्षभर पुरवलं असतं.

मग पहिला चौक आला.

“आता उजवीकडे घे.”

आई सरळ गेली. पुढच्या गल्लीत डावीकडे वळली, मग पुन्हा डावीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि मघाचाच चौक ओलांडून हव्या त्या रस्त्याला लागली.

“आई, मी उजवीकडे म्हटलं होतं.”

“मग आलो की नाही त्याच रस्त्याला? तीन डावी वळणं म्हणजे एक उजवं. हिशेब आहे साधा. तुमच्या पुस्तकात नसेल.”

“पुस्तकात नाहीच. पुस्तकात सरळ उजवीकडे वळतात.”

“वळू देत त्यांना.”

दुसऱ्या चौकातही तेच. तिसऱ्यातही तेच. पेट्रोल जळत होतं आणि मास्तरीणही. घरी पोचल्यावर तिने मागच्या आवारात जाऊन पाहिलं तेव्हा तिला उलगडा झाला. शेडच्या एका बाजूला गंजलेल्या पिंपांचा ढीग होता, त्यामुळे फाटकातून आत शिरलं की एकाच दिशेने फिरता यायचं. शेड कायम डाव्या हाताला. म्हणजे वर्षभर आई फक्त डावीकडे वळत राहिली होती. शर्टाला खिसा नव्हता, तसं आवाराला उजवं वळण नव्हतं.

“हे असं होतं आपलं आपण शिकलं की,” मास्तरीण बाबांना म्हणाली. “जे समोर आलं नाही ते आलंच नाही. शाळा कशासाठी असते? जे आपल्याला सुचणार नाही ते कोणीतरी आठवणीने पुढ्यात ठेवावं म्हणून.”

“अगं, हे तिला सांग,” बाबा म्हणाले. “मला जेवायचंय.”

आईला सांगून उपयोग नव्हता. तिला करायलाच लावायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून मास्तरणीने हट्टच धरला. चौक आला की, “उजवीकडे. आत्ता. इंडिकेटर दे.” आई पुटपुटायची, तोंड वाकडं करायची, पण वळायची. आणि छान वळायची. समोरून गाडी येत असली की बरोबर हळू व्हायची, गाडी गेली की वळायची. दोन दिवसांत तिचं पुटपुटणंही बंद झालं. आठवडा झाल्यावर मास्तरणीने मनातल्या मनात ‘तयार’ असा शिक्का मारला.

“बघ. शिकवलं की येतं,” ती म्हणाली.

“तुझी गाडी चांगली आहे,” आई म्हणाली.

मास्तरणीने ते बोलणं कानाआड केलं. करायला नको होतं.

परीक्षेच्या दिवशी आईने नवंच काढलं: परीक्षा आपल्या जुन्या गाडीतच द्यायची. “उद्या यांना दवाखान्यात कुठल्या गाडीतून नेणार आहे मी? मग परीक्षा दुसऱ्याच गाडीतून कशाला?” साहेबांचीही हरकत नव्हती. परीक्षक साहेब म्हणजे हसलं की पगार कापतात की काय असं वाटावं असा गंभीर माणूस. ते आईच्या शेजारी बसले आणि गाडी फाटकाबाहेर गेली. मास्तरीण बाकावर निर्धास्त बसली. तिच्याकडे कोणी नापास होत नसे.

गाडी फार लवकर परत आली, आणि चालवत होते साहेब.

“चौकात बस समोरून येत होती,” ते मास्तरणीला म्हणाले. “यांनी सरळ उजवीकडे घातली. मी हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो. मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” पुढची तारीख दहा दिवसांनी दिली. महिनाअखेर त्याच्या दुसऱ्या दिवशी येत होती.

घरी जाताना मास्तरीण चालवत होती आणि बोलतही होती. बस एवढी मोठी असते. ती दिसली नाही का? आठवडाभर घासून घेतलं ते गेलं कुठे? एवढं समजावलं, एवढं केलं.

आई म्हणाली, “दिसली बस. मला वाटलं, गाडी हळू होईल.”

“गाडी कशी हळू होईल?”

“तुझी व्हायची. समोर कोणी आलं की तुझी गाडी आपोआप हळू व्हायची. म्हटलं नवीन आहे, असेल सोय. मग वाटलं, आपलाच पाय पडत असेल, सवयीने. आपल्याला जमलं.”

“काहीतरीच बोलू नकोस. मी ब्रेकला पायसुद्धा लावला नव्हता.”

शिकवायच्या गाडीत मास्तरणीच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, अडीअडचणीला. तो तिने आईच्या वेळी एकदाही दाबला नव्हता. शपथेवर सांगितलं असतं तिने.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅशियरबाईंचा फोन आला. या बाई मास्तरणीच्या क्लासमधून गेल्या वर्षी पहिल्या फटक्यात पास झालेल्या. गाडी घेतलेली, लायसन्स पाकिटात. तरी महिन्यातून एकदोनदा फोन यायचाच: “मॅडम, मला जरा पलीकडच्या भागात जायचंय. तुमची गाडी घेऊन बाजूला येऊन बसाल का? एकटीला धीर होत नाही.” मास्तरीण जायची. तिला वाटायचं, किती विश्वास आहे बाईंचा आपल्यावर.

आज ती बाजूला बसली ती आदल्या दिवसाचा राग घेऊन. पहिल्या चौकात बाईंनी उजवा इंडिकेटर दिला. समोरून ट्रक येत होता. गाडी अगदी अदबीने हळू झाली. मास्तरणीने सहज खाली पाहिलं.

तिचा पाय ब्रेकवर होता.

तिने तो ठेवला नव्हता. तो आपला आपण गेला होता, जसा इतकी वर्षं जात होता. कॅशियरबाई समोर बघत, स्टिअरिंग घट्ट धरून, निवांत होत्या. त्यांचा स्वतःचा पाय ब्रेकच्या जवळपासही नव्हता. गाडी थांबवायचं काम आपलं आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं, आणि ते कोणामुळे?

मास्तरणीने बाईंना हवं तिथे सोडलं आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसून राहिली. तिला स्वतःचा इतका राग आला की आईचा राग त्यापुढे काहीच नव्हता. आई उजवीकडे कधी वळलीच नव्हती. आठवडाभर वळत होती ती मास्तरीणच. आणि ऑफिसातली ती पाटी, कोणी नापास होत नाही म्हणणारी, ती तरी कोणाच्या जोरावर? किती जण पास होऊन गेले आणि गाडीवर कापड घालून बसले असतील, याचा तिने कधी शोध घेतला नव्हता.

हे आईला सांगणं म्हणजे जन्माची टोचणी ओढवून घेणं. तरी ती गेली आणि सांगितलं. तयारीनेच गेली होती, ‘मास्तरीणबाई’ ऐकायच्या. पण आईने ऐकून घेतलं, हातातलं शिवण बाजूला ठेवलं आणि विचारात पडली.

“म्हणजे मला उजवं येत नाही,” ती म्हणाली.

“नाही येत.”

“आवारात वळून बघितलं मी काल. ते पिंपांचं लचांड ओढून काढलं आणि उलटी फिरले. वळता येतं गं. वळण्यात काही नाही. पण तिथे समोरून कोणी येतच नाही. मग शिकणार काय, कपाळ?” मग ती म्हणाली, “एक काम कर. तू तुझी गाडी घेऊन आवारात ये.”

“ठीक आहे. मी सांगते तसं आधी—”

“सांगू नकोस. शिकवू नकोस. नुसती समोरून ये.”

मास्तरणीच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. प्रमाणपत्र होतं तिच्याकडे, इतक्या वर्षांचा अनुभव होता. तिने त्या सगळ्या गिळल्या. गिळताना किती त्रास झाला ते तिचं तिला ठाऊक.

दुपारी बाबा शेडच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. त्यांना दिसणार काही नव्हतं, पण त्यांना घरात करमत नव्हतं. आईने खडूने जमिनीवर चौक आखला. आई जुन्या गाडीत एका टोकाला, मास्तरीण क्लासच्या गाडीत दुसऱ्या टोकाला. दोघी निघाल्या. आईचा उजवा इंडिकेटर लागला, आणि तिने सरळ मास्तरणीच्या पुढ्यात गाडी घातली.

मास्तरणीने ब्रेकवर सगळं वजन टाकलं. दोन गाड्यांमध्ये हात घालण्याइतकी जागा उरली. मास्तरीण दार उघडून खाली उतरली.

“अगं, मारतेस का मला?”

“तू थांबशील असं वाटलं.”

“समोरचा थांबेलच, हे तुला कोणी सांगितलं?”

“तूच,” आई म्हणाली. “रोज थांबत होतीस.”

खुर्चीतून बाबा म्हणाले, “काय झालं? आवाज नाही आला, म्हणजे लागली नाही ना?” दोघी एकदमच “नाही” म्हणाल्या. पण आईचा चेहरा उतरला होता. काचेतून दिसलेला पोरीचा चेहरा तिने अगदी जवळून पाहिला होता.

“पुन्हा ये,” ती म्हणाली. “आणि या वेळी थांबू नकोस.”

“आई, मी थांबले नाही तर—”

“थांबायचं मी. तुझं काम यायचं.”

मास्तरीण परत आपल्या टोकाला गेली. गाडी सुरू करताना तिला भीती वाटली. नव्या मुलांना शिकवताना, भर रहदारीत, तिला कधी भीती वाटली नव्हती, कारण तिथे पाय तिचा होता. इथे समोर आई होती, आणि पाय आईचा. ती निघाली. वेग कमी करावा असं अंगातला प्रत्येक कण सांगत होता, पण तिने केला नाही. आईचा इंडिकेटर लुकलुकत होता. जुनी गाडी पुढे आली, अजून पुढे आली, आणि खडूच्या रेघेवर थांबली. मास्तरीण शेजारून निघून गेली. आरशात तिने पाहिलं, तिच्यामागून आई सावकाश उजवीकडे वळली.

मग ते रोजचंच झालं. वेळापत्रक आई ठरवायची. आज जोरात ये. आज रेंगाळत ये. आज येतेस की नाही ते सांगूच नकोस. आज मध्येच हॉर्न वाजव, मला घाबरव. एकदा फसली, खूप चिडली, आणि तेवढंच पुन्हा पुन्हा करून घेतलं. मास्तरणीला क्लासची दुपारची पोरं पुढे ढकलावी लागली. कंटाळून कंटाळून ती जायची, रोज तक्रार करायची, आणि एकही दिवस चुकवायची नाही. मधल्या काळात तिने कॅशियरबाईंनाही फोनवर सांगून टाकलं: “येते, पण मागच्या सीटवर बसेन.” बाईंनी फोनवरच सुस्कारा टाकला, पण नाही म्हटलं नाही.

परीक्षेच्या दिवशी साहेब पुन्हा आईच्या शेजारी बसले. त्यांनी बसण्याआधी हँडब्रेक नीट तपासून घेतला. मास्तरीण त्याच बाकावर बसली, बाबा तिच्याजवळ. या वेळी ती निर्धास्त नव्हती. बाबांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“पाय काढ,” ते म्हणाले.

“काय?”

“केव्हाची जमीन दाबतेयस. बाक हलतोय.”

तिने पाय मागे घेतला. तो पुन्हा पुढे गेला. तिने शेवटी दोन्ही पाय बाकावर घेतले आणि मांडी घालून बसली, लोक बघत होते तरी.

गाडी परत आली ती आईच चालवत आली. साहेब उतरले, सहीचा कागद मास्तरणीकडे दिला आणि म्हणाले, “चौकात चांगल्या थांबल्या. जरा जास्तच थांबल्या. पण ठीक आहे.” त्यांच्या मानाने हे फारच झालं. मास्तरणीने कागद वाचला, पुन्हा वाचला. दादाला कळवायला तिने फोन काढला, पण आधी आईशी बोलावं म्हणून परत ठेवला.

“जास्त का थांबलीस?” तिने आईला विचारलं. विचारायचं नव्हतं खरं तर, अभिनंदन करायचं होतं, पण सवय.

आई रुमालाने हात पुसत होती. “टेम्पो येत होता समोरून. लांब होता तसा, वळले असते. पण आता समोरून काहीही आलं ना, की मला वाटतं तूच येतेयस.” तिने रुमाल घडी करून ठेवला. “मग नाही घालत गाडी पुढे.”

बाबांनी चाचपडत मागचं दार उघडलं आणि आत बसले. आईने चालकाच्या सीटवर बसून आरसा नीट केला, पुढच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग लेकीकडे.

“तू यांच्याजवळ मागे बस,” ती म्हणाली. “आणि पाय वर घेऊन बस.”